धूळपाटी, कामठीची रात्रशाळा आणि टॅब

आज फोन खिशात टाकू नका, हातातच ठेवा. आणि जरा आडवा धरा. आकार ओळखीचा वाटतो का? तुमची आजी पहिलीत असताना साधारण अशीच एक वस्तू दप्तरातून न्यायची, फक्त तिला लाकडी चौकट होती. पाटी. आणि टॅब्लेट या शब्दाचा इंग्रजीतला जुना अर्थही तोच, लिहायची पाटी. त्यामुळे शाळेत टॅब आला म्हणून सगळीकडे 'क्रांती, क्रांती' सुरू झालं, तेव्हा मला हसू आलं. पाटीच तर परत आली होती!

तर आजची गोष्ट पाटीची, आणि ती कामठीतून जाणार आहे. नागपूरच्या शेजारचं, कन्हानच्या काठचं आमचं कामठी.

सुरुवात धुळीपासून. पंतोजींच्या शाळेत पोरांना कागद मिळायचा नाही, तो महाग. लाकडाची फळी घ्यायची, तिच्यावर बारीक धूळ किंवा विटेची भुकटी पसरायची आणि काडीनं अक्षर काढायचं. चुकलं की फळी हलवायची, पुन्हा कोरी. हीच धूळपाटी. कुणी जमिनीवरच्या वाळूत बोटानं गिरवायचं. शाई नको, खर्च नको, आणि चूक मागे राहत नाही. पोराच्या दृष्टीनं ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी.

आता एक गंमत बघा. १७८९ मध्ये मद्रासला, सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री होता. त्यानं मलबारी शाळेतली मुलं वाळूत बोटानं लिहिताना पाहिली आणि तीच पद्धत आपल्या शाळेत आणली. जोडीला मोठ्या मुलानं लहान मुलाला शिकवायचं, ही आपल्याकडचीच रीत. १७९७ मध्ये त्यानं लंडनमध्ये यावर पुस्तिका छापली आणि 'मद्रास पद्धत' म्हणून ती इंग्लंडच्या गरीब मुलांच्या शाळांत पोचली. तिकडची पोरं वाळूच्या ट्रेमध्ये ए, बी, सी गिरवू लागली. आपल्या धुळीची ही निर्यात शाळेत कुणी मला शिकवली नव्हती.

कामठीची छावणी वसली १८२१ मध्ये, आणि इथं पलटणी असायच्या त्या याच मद्रास सैन्याच्या. छावणीभोवती बाजार उभा राहिला, विणकर आले, रेल्वे आली. मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, सगळं एकाच गल्लीत ऐकू येईल असं गाव तयार झालं. धूळ मागे पडली आणि दगडी पाटी आली. आंध्रातलं मार्कापूर तर पाट्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जायचं. पाटी पुसायला ओलं फडकं आणायचं असा गुरुजींचा नियम, आणि थुंकी लावून मनगटानं पुसायची हा पोरांचा. दोन्ही पिढ्यानपिढ्या टिकले.

पण पाटी कुणाच्या हातात पडणार? इथं गोष्ट बाबू हरदासांपाशी येते. हरदास लक्ष्मणराव नगराळे, जन्म १९०४, कामठीचेच. वडील रेल्वेत कारकून. 'जय भीम' या अभिवादनाचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते हेच. विडी कामगारांची संघटना त्यांनी बांधली, १९३७ मध्ये आमदार झाले आणि १९३९ मध्ये क्षयानं गेले. वय पस्तीस. या पस्तीस वर्षांतली एक तारीख मला सगळ्यात जवळची वाटते, ८ ऑक्टोबर १९२७. त्या दिवशी त्यांनी समाजातल्या लोकांना सोबत घेऊन कामठीत रात्रशाळा सुरू केल्या. तिथं ८६ मुलं आणि २२ मुली शिकत होत्या.

त्या २२ वर जरा थांबा. १९२७ साल, अस्पृश्य ठरवलेल्या वस्तीतल्या मुली, आणि रात्रीची वेळ. आजही क्लास सुटायला आठ वाजले की आपल्या घरून तीन कॉल येतात. त्या काळी मुलीला रात्री पाटी घेऊन पाठवणाऱ्या आईबापांचं धाडस किती असेल? दिवस कामाचा होता. म्हणून शाळाच रात्रीकडे सरकवली. त्याच सुमारास हरदासांनी संत चोखामेळा वाचनालयही काढलं. पाटीवर अक्षर आलं की पुढं वाचायला काहीतरी हवं ना!

यानंतर पडदे आले. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे. आम्हाला ते आवडायचे, खोटं का बोला. पण टीव्हीवर आपल्याला काही लिहिता येत नव्हतं. पाटी पहिल्यांदाच एकतर्फी झाली होती. २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद पडली.

टॅब ही कल्पना मात्र जन्मापासून मुलांची होती, हे किती जणांना माहीत आहे? १९७२ मध्ये अमेरिकेत, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या अ‍ॅलन के यांनी 'डायनाबुक'वर एक निबंध लिहिला. वहीएवढा, सोबत नेता येईल असा मुलांचा संगणक. निबंधात एक छोटी गोष्ट आहे. दोन मुलं हिरवळीवर अंतराळयानांचा खेळ खेळतायत. खेळता खेळता त्यांना प्रश्न पडतो, यात सूर्याचं गुरुत्वाकर्षण आणलं तर? आणि तिथून त्यांचा अभ्यास सुरू होतो. खेळ तयार मिळाला म्हणून ती गप्प बसली नाहीत.

आपल्याकडे हे सगळ्यात चांगलं जमवलं ते जिल्हा परिषदेच्या शाळांनी. ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याला संदीप गुंड यांनी डिजिटल शाळा उभी केली. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. मुलींची घरची भाषा कन्नड, पुस्तक दुसऱ्या भाषेत. ते आधी कन्नड शिकले, मग पुस्तकं नव्यानं रचली आणि पानावर क्यूआर कोड चिकटवले. स्कॅन केलं की कविता ऐकू येते. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर, आणि निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकले. कोडची तर आता सगळ्यांना सवय झालीय. पण मास्तरांनी आधी पोरांची भाषा शिकणं, हे कुठल्या अ‍ॅपमध्ये मिळणार?

आणि त्याच २०२० मध्ये शाळा बंद होत्या. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत फोन एकच, तोही बापाचा, आणि बाप दिवसभर कामावर. तो घरी आला की पोरं सकाळचा धडा रात्री नऊला उघडायची. डेटा संपलेला असला तर तेही नाही. मला तेव्हा १९२७ आठवत राहिलं. कामठीत रात्रशाळा परत भरत होती, फक्त या वेळी तिच्यात हरदास नव्हते.

आता बऱ्याच वर्गांत टॅब आहेत. मी पाहिलेल्या एका वर्गात चाळीस पोरं मांडी घालून नदीचा व्हिडिओ बघत होती. नदी होती गंगा. कन्हान शाळेपासून चालत जाण्याएवढी जवळ, तरी! दुसऱ्या एका शाळेत टॅब चारच होते. बाईंनी गट पाडले, घाटावर नेलं आणि सांगितलं, 'पाणी कुठून येतं अन् कुठं जातं, मला दाखवा.' कुणी फोटो काढले, कुणी फोटोवर बोटानं बाण काढले. एकानं आपल्या आजीला पुराबद्दल बोलतं केलं आणि आवाज रेकॉर्ड केला, अर्धा उर्दूत, अर्धा वऱ्हाडीत. बाण दोनदा उलटे निघाले. पुसले, पुन्हा काढले. माझ्या लेखी धूळपाटी तिथं होती, गंगेच्या व्हिडिओत नव्हती.

गेल्या दसऱ्याला शेजारी पाटीपूजन होतं. घरात दगडी पाटी उरलीच नव्हती, म्हणून नातीनं टॅबवरच एकच्या आकड्यांची सरस्वती काढली आणि पाटावर ठेवली. आजी हळदीचं ताट घेऊन आली, क्षणभर थबकली. 'काहून वं, याला हळद लावली तं चालते का?' म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता ओलं बोट टेकवलंच. काचेवर हळद लागली. आणि सरस्वतीच्या शेजारी आणखी एक वाकडी काळी रेघ उमटली.