आधी आवाज, मग चित्र

दूरचित्रवाणीच्या युगात युद्ध घरबसल्या दिसते, असा आपला समज असतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धाने तो खोटा ठरविला. दक्षिण अटलांटिकमधील ती बेटे अर्जेंटिनाने २ एप्रिलला घेतली. ५ तारखेस पोर्ट्‌स्मथहून ब्रिटिश आरमार निघाले. वार्ताहर सोबत होते, कॅमेरेही होते. परंतु चित्रफिती जायच्या त्या जहाजाने असेन्शन बेटापर्यंत, आणि पुढे विमानाने. काहींना लंडन गाठण्यास २३ दिवस लागले! १८५४ मध्ये क्रिमियातील बालाक्लाव्हाच्या लढाईचे रसेल यांचे वर्णन 'टाइम्स'मध्ये विसाव्या दिवशी छापून आले होते.

दोष केवळ अंतराचा नव्हता. व्हिएटनामची दृश्ये अमेरिकेच्या घराघरांत शिरली होती. लंडनच्या अधिकाऱ्यांना चित्रांची घाई नसावी, यात नवल ते काय?

उरला आवाज. १ मे रोजी स्टॅन्लीच्या विमानतळावर हल्ला करून हॅरिअर विमाने 'हर्मीस' नौकेवर परतली. त्यांची संख्या सांगण्यास बीबीसीचे ब्रायन हॅनरहॅन यांना मनाई होती. त्यांनी एवढेच सांगितले की, जाताना सारी मोजली आणि परतताना सारी पुन्हा मोजली. ज्यांच्या घरचा मुलगा त्या विमानांत होता, त्यांना आकडा हवाच कशाला होता?

८ जूनला फिट्झरॉयजवळ 'सर गॅलहॅड' जहाज बॉम्बहल्ल्याने पेटले. होरपळलेल्या सैनिकांना किनाऱ्यावर आणताना कॅमेऱ्याने टिपले. पण ती दृश्ये ब्रिटनमध्ये दिसली, तेव्हा १४ जूनची शरणागती होऊन गेली होती.