एक किती, ते मोजणारी सूचना

बुद्धिबळाच्या पटावर 64 घरं आणि आजच्या प्रोसेसरचा वर्डही 64 बिटांचा. घरात प्यादं असलं की 1, नसलं की 0. सगळी प्यादी एकाच आकड्यात मावतात. हा योगायोग सर्वांना ठाऊक आहे. मला छळतो तो पुढचा प्रश्न: त्या आकड्यात 1 किती, हे मोजायचं कसं?

जुन्या प्रोग्रामांत एक युक्ती असे. आकड्यातून 1 वजा करायचा आणि मूळ आकड्याशी त्याचा ‘अँड’ घ्यायचा, म्हणजे दोन्हींत 1 असेल तिथेच 1 ठेवायचा. दर खेपेला उजवीकडचा शेवटचा 1 पुसला जातो. 1100 चे 1000, मग 0000. फेऱ्या दोन, म्हणून प्यादी दोन. पुढे एएमडीने 2007 साली आणि इंटेलने 2008 साली ‘पॉपकाउंट’ ही सूचना चिपमध्येच घातली आणि हे काम एका झटक्यात होऊ लागलं. पण त्याआधी कंपाइल केलेला ‘क्राफ्टी’ हा बुद्धिबळाचा प्रोग्राम नव्या संगणकावर चढवा, तो धावेल जोरात, मोजेल मात्र जुन्याच पद्धतीने. फायदा हवा तर नव्याने कंपाइल करा.

सूचनेचं मूळ कुठलं? क्रे-1 मध्ये ती होती, त्याआधी 1964 च्या सीडीसी 6600 मध्येही. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने संकेत फोडण्यासाठी ती या यंत्रांचा रचनाकार सेमूर क्रे याच्याकडून हट्टाने घालून घेतली, अशी आख्यायिका सांगतात. खरी असेलही, पण मुळाशी पोचत नाही. 1951 च्या मँचेस्टरमधल्या फेरांटी मार्क 1 या संगणकावर वर्डमधले 1 मोजणारी सूचना होतीच.

आणि तिथे होता ॲलन ट्युरिंग. युद्धकाळात ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतफोड केंद्रात त्याने जर्मन एनिग्मा यंत्राचे संकेत फोडण्यासाठी ‘बॅनबरिझ्मस’ ही पद्धत काढली होती: दोन संदेश लांब कागदांवर भोकं पाडून नोंदवायचे, कागद एकमेकांवर सरकवायचे आणि जुळणारी भोकं मोजायची. म्हणजे ‘अँड’ घेऊन 1 मोजणंच की! मार्क 1 मधली यादृच्छिक आकड्यांची सूचना ट्युरिंगच्याच आग्रहाने आली. मग ही दुसरीही त्याचीच, असं मी बेलाशक म्हणतो. पुरावा परिस्थितीजन्य आहे, पण एनएसएच्या गोष्टीचा तरी कुठे त्याहून भक्कम आहे?

त्याच यंत्रावर 1951 साली डिट्रिख प्रिंट्झने बुद्धिबळाचा पहिला चालता प्रोग्राम लिहिला. त्याने ती सूचना पटासाठी वापरली, असा माझा दावा नाही. त्याचा प्रोग्राम दोन चालींतली मात शोधण्यापुरताच होता.