मुका मार

दलित साहित्यातील वेदनेची चर्चा आपण पुष्कळ केली. पण ती वेदना तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या मनात शिरून त्याला स्वतःच्याच जिवावर का उठवते, हा प्रश्न आपण पांढरपेशांच्या दिवाणखान्यात सोडून दिला. माझ्या मते त्याचा इतिहास १८५५ पासून मांडावा लागेल.

त्या वर्षी जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. वय चौदाच्या आसपास. इमारतींच्या पायात गाडलेली माणसे, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बाया यांचा उल्लेख सगळेच करतात. मला त्यातली एक लहान गोष्ट अधिक बोचते. ब्राह्मणांच्या पोरांनी दगड मारून रक्त काढले तरी आपली मुले तक्रार करीत नसत; कारण उष्टे मागायला त्याच दारी जायचे असे. जखम दगडाची, गप्प बसणे मात्र पोटाने शिकवलेले! मुक्ताने त्या मुक्या माराला वाचा दिली आणि त्याचे कारण मुलाच्या स्वभावात नव्हे, गावाच्या रचनेत दाखवले.

पाचच वर्षांनी, १८६० च्या दंडसंहितेने नेमके उलटे केले. कलम ३०९ नुसार जीव देऊ पाहणाराच गुन्हेगार. शिक्षा एक वर्षापर्यंत साधी कैद. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले, तिची काळजी सरकारवर टाकली. २०२४ मध्ये ती संहिताही गेली.

पण ताण कशाचा? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२१ या एका वर्षात आत्महत्या केलेले विद्यार्थी १३,०८९ आहेत. कारणांत ‘परीक्षेतील अपयश’ हा रकाना आहे. छापील तक्त्यांत जातीचा नाही. वर्गात आडनाव विचारले की मान खाली घालणारे पोर कोणत्या रकान्यात बसवायचे?

उपचार नकोत असे मी म्हणत नाही. ते हवेतच, आणि तालुक्याच्या गावापर्यंत हवेत. पण स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाशी पहिली गाठ पडते ती शिक्षकाची. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने ते खूळ त्याच्या डोक्यात शिरते, ही भीती निराधार आहे. विचारावे, आणि मग मध्ये न बोलता ऐकावे. मुक्ता तो निबंध लिहू शकली तेव्हा तिला शाळेत येऊन अवघी तीन वर्षे झाली होती.