किलमायकल छापा

आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धातील (१९१९–२१) एक वादग्रस्त सशस्त्र हल्ला. कॉर्क परगण्यात मॅक्रूम–डनमनवे मार्गावर २८ नोव्हेंबर १९२० रोजी टॉम बॅरी यांच्या आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या फिरत्या तुकडीने ब्रिटिशांच्या ऑक्झिलरी (साहाय्यक) पोलीस दलाच्या दोन लॉऱ्यांवर दबा धरून छापा घातला. लष्करी अंगरखा घातलेले बॅरी रस्त्यात उभे होते. त्यांना पाहून पहिली लॉरी मंदावली आणि त्यांनी तिच्यात बाँब फेकला. १७ ऑक्झिलरी व ३ बंडखोर मरण पावले. मृत ऑक्झिलरींपैकी एकजण निसटल्यावर पकडून मारला गेला.

बॅरींच्या १९४९ च्या आठवणींनुसार, दुसऱ्या लॉरीतील पोलिसांनी शरण आल्याचे सांगून पुन्हा गोळ्या झाडल्या. म्हणून त्यानंतर कोणाचीही शरणागती स्वीकारली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मात्र मृतदेहांची कुऱ्हाडींनी विटंबना झाल्याचे जाहीर केले. इतिहासकार पीटर हार्ट यांनी १९९८ मध्ये शरणागतीचा बनाव घडलाच नाही, शरण आलेल्यांना ठार केले गेले, असे मांडले. त्यांचा आधार निनावी मुलाखती व बॅरींचा म्हणून ब्रिटिशांनी दाखवलेला अहवाल हा होता. इतिहासकार मेडा रायन यांनी हा अहवाल बनावट ठरवला आणि मुलाखतींच्या तारखांवरही आक्षेप घेतले. इतिहासकार ईव्ह मॉरिसन यांनी २०२२ च्या ग्रंथात या साक्षी नव्याने तपासल्या.

या वादाचे मर्म मृतांच्या आकड्यात नसून हत्येच्या समर्थनात आहे. सैनिकांच्या आठवणी अनेक वर्षांनी नोंदवल्या गेल्या असल्याने प्रत्येक साक्ष केव्हा, कोणी व कोणासाठी दिली, हे पाहूनच तिचे मोल ठरवावे लागते.