मोहाचे फूल, कायदा आणि गर्भस्थ बालकाचे दात

पोशेरा २०१४ पर्यंत ज्या ठाणे जिल्ह्यात मोडत असे, तेथे मोहाच्या दारूकडे राज्यकर्त्यांनी प्रथम महसुलाच्या दृष्टीने पाहिले. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी केलेला मोहाच्या फुलांविषयीचा १८९२ चा कायदा याची साक्ष देतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ही दृष्टी पालटली. परंतु गर्भावरील परिणामांचे शास्त्र तेव्हा प्रस्थापित झाले नव्हते. १९६८ मध्ये फ्रान्समध्ये लमॉइन यांनी व १९७३ मध्ये अमेरिकेत जोन्स व स्मिथ यांनी ते परिणाम वर्णिले.

दुधाच्या दातांची घडण गर्भावस्थेच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात सुरू होते. चौथ्या महिन्यापासून त्यांत खनिजे साठू लागतात. मद्याने ही घडण मंदावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. दंतवल्क एकदा बनले की पुन्हा घडत नाही. म्हणून त्यातील वैगुण्य हा ते घडत असतानाच्या काळाचा लेखच होय.

तथापि कुपोषणही त्यावर असाच ठसा उमटवते, आणि जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या १९९२-९३ मधील बालमृत्यूंनी या प्रदेशातील कुपोषण जगापुढे आणले. अशा ठिकाणी केवळ दातांवरून मातेच्या मद्यपानाचा निष्कर्ष काढणे म्हणजे दारिद्र्याचा दोष तिच्या माथी मारणे होय.