हुमणी आणि तिचा वैरी

भिंगुरटी अळीला मातीच्या घरांत कोंडते आणि तिच्या ध्यासानें अळीचीच भिंगुरटी होते, हा दृष्टांत आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक आहे. वेदान्तास तो फार उपयोगीं पडला. निसर्गांतला प्रकार मात्र उलट आहे: अळी भिंगुरटी होत नाहीं, ती भिंगुरटीच्या पिलाचें अन्न होते. असाच व्यवहार जमिनीच्या पोटांतही चालतो, आणि त्याचा गेल्या शतकांतील इतिहास शिरूर-दौंडकडील ऊसवाल्यांनीं ऐकण्याजोगा आहे.

हे दोन्ही तालुके मूळचे ज्वारी-बाजरीचे. मुठा, भीमा व घोड यांचें पाणी शेतांत खेळूं लागलें तसा ऊस वाढला, आणि उसाबरोबर हुमणीचें भयही वाढलें. वळवाचा पाऊस पडला कीं तिन्हीसांजेस भुंगेरे जमिनींतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. मादी पुन्हा मातींत शिरून अंडीं घालते. त्यांतून निघणारी पांढरी, वांकडी अळी ती हुमणी. ती मुळें खाते, ऊस पिवळा पडतो, आणि हातानें ओढला तर सहज उपटून येतो.

या अळीच्या शोधांत जमीन उकरीत जाणारी एक केंसाळ, एकलकोंडी गांधीलमाशी आहे. शास्त्रज्ञ तिच्या निरनिराळ्या जातींस स्कोलिया, कॅम्प्सोमेरिस, टिफिया अशीं नांवें देतात. मादी डंख मारून अळीला लुळी करते व तिच्या अंगावर एकच अंडें चिकटविते. फ्रेंच निरीक्षक फाब्र यास असें आढळलें कीं, पिलू अळीचीं मर्मस्थानें शेवटपर्यंत राखून बाकीचें आधीं खातें; अन्न नासतां कामा नये ना! ही भोजनाची तऱ्हा अंगावर कांटा आणणारी खरी, पण शेतकऱ्यास ती गोडच वाटेल.

मॉरिशसमधील उसाच्या मळ्यांत एकोणिसाव्या शतकापासून आमचीं मराठी कुटुंबें राबत होतीं. तेथें १९११ सालीं फायटॅलस नांवाच्या परक्या भुंगेऱ्याची अळी सांपडली. तो बार्बाडोसहून आलेला. तेव्हां त्याचा वैरीही तेथूनच आणावा असें ठरलें, आणि १९१५ च्या सुमारास टिफिया महासागर ओलांडून आली व रुजली. त्याच सुमारास हवाईच्या ऊसवाल्यांनीं फिलिपाइन्समधून स्कोलिया नेली, आणि त्यांचा भुंगेरा थोड्याच वर्षांत आटोक्यांत आला. पुढें अमेरिकेनें जपानी भुंगेऱ्यासाठीं जपान-कोरियांतून टिफिया आणल्या. त्यांतील एका जातीच्या माशा रानगाजराच्या फुलांतील मधावर जगतात, हें तेथें ध्यानांत आलें.

हे विजय वाचून आपणही माशा मागवाव्या असें कोणास वाटेल. आमच्या मतें तो भ्रम आहे. त्या देशांत भुंगेरा उपरा होता, वैऱ्यावांचून माजला होता. आमची हुमणी येथलीच, आणि तिच्यावर जगणाऱ्या माशाही येथल्याच. त्या असूनही हुमणी होतेच. तेव्हां एकट्या माशीवर हवाला ठेवून शेत वांचणार नाहीं. पण असलेलें सैन्य आपणच कापून काढावें, हें कोणतें शहाणपण? १९९७ सालीं बंदी येईपर्यंत बी.एच.सी.ची भुकटी आम्ही मातींत मिसळीत आलों. फोरेटही वापरलें, तें २०२० अखेर बंद झालें. विष हुमणी आणि माशी यांत भेद करीत नाहीं. शिवाय माशीचें पोट फुलांवर, आणि बांध तर आम्ही नांगरून उसाखालीं घातले. शेताच्या कडेस धणे, बडीशेप फुलूं द्यावी. रानगाजराचींच हीं भावंडें. आणि पहिल्या पावसाच्या रात्रीं सगळ्या गांवानें मिळून कडुनिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे वेंचावे व रॉकेलच्या पाण्यांत टाकावे. तें काम माशी करीत नाहीं. तिला फक्त अळी कळते.