क्षयरोग्याच्या दारीं परिचारिका

धर्मग्रामांच्या स्मरणिकांतून देवळाचा इतिहास, शाळेचा इतिहास, एकामागून एक येऊन गेलेल्या धर्मगुरूंचीं नांवें हीं छापलीं जातात, व तीं छापलींच पाहिजेत. परंतु आमच्या घराघरांतून ज्या मुली पांढरा पोषाख चढवून रुग्णालयांत गेल्या, त्यांच्या विद्येचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. त्या विद्येची एक शाखा म्हणजे छातीच्या रोग्यांची, विशेषतः क्षयरोग्यांची, शुश्रूषा. ही शाखा भारतांत कशी रुजली, तिला कोणकोणत्या राष्ट्रांनीं हात दिला, आणि त्या हातभारांतून काय टिकलें व काय निसटलें, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

क्षय हा रोग नवा नाहीं. आपल्या वैद्यकग्रंथांत तो राजयक्ष्मा ह्या नांवानें येतो. बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख ह्या जर्मन संशोधकानें त्याचा जंतू दाखविला. तथापि जंतू सांपडल्यानंतर गुणकारी औषध हातीं येण्यास साठांहून अधिक वर्षें गेलीं. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं फिलाडेल्फियांत वैद्यकीची पदवी घेऊन परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानेंच वारल्या; वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. स्वतः डॉक्टर असूनही त्यांस करतां येण्यासारखा उपाय त्या वेळीं जगांत नव्हता. रोगाबरोबर लाजही येई. क्षय झाल्याचें बाहेर कळलें तर मुलीचें लग्न मोडेल ह्या भीतीनें कित्येक घरीं खोकला 'जुना दमा' ह्या नांवाखालीं झांकला जाई, आणि झांकलेल्या खोकल्यापासून घरांतील लहान मुलांस रोग लागे.

औषध नव्हतें तोंवर उपचार म्हणजे विश्रांति, मोकळी हवा व पौष्टिक अन्न. हर्मान ब्रेमर ह्यानें १८५४ सालीं सायलेशियांतील ग्योर्बर्सडोर्फ येथें डोंगरांत ह्या पद्धतीचें आरोग्यधाम काढलें आणि त्याचा कित्ता युरोप-अमेरिकेनें गिरविला. आपल्याकडे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया ह्यांनीं १९१२ सालीं पांचगणीस 'बेल-एअर' स्थापिलें. दक्षिणेंत मदनपल्लीजवळ आरोग्यवरम् येथें निरनिराळ्या देशांच्या व पंथांच्या प्रॉटेस्टंट मिशनांनीं एकत्र येऊन १९१५ सालीं सॅनेटोरियम उघडलें. त्याचे संस्थापक डॉ. क्रिश्चन फ्रिमोट-म्योलर हे डॅनिश होते. ज्या काळीं मिशनें आपापल्या हद्दींविषयीं फार जागरूक असत, त्या काळीं एका रोगानें त्यांस एका छपराखालीं आणावें, ही गोष्ट कॅथलिक वाचकांनींही कौतुकानें वाचावी अशी आहे.

अशा ठिकाणीं परिचारिकेचें काम बाहेरून पाहणाऱ्यास सोपें वाटे. ताप मोजावा, दूध-अंडीं द्यावीं, व्हरांड्यांतील खाटा उन्हाप्रमाणें सरकवाव्या, झालें! परंतु बरा दिसणाऱ्या मनुष्यास महिनोन्‌महिने अंथरुणांत स्वस्थ ठेवणें, तोंडावाटें रक्त पडूं लागलें असतां न घाबरतां त्यास धीर देणें, थुंकीचें पात्र स्वतःच्या जिवास जपून हाताळणें, हें केवळ पुस्तकावरून येत नाहीं. जाणत्या परिचारिकेच्या पाठोपाठ फिरूनच येतें.

परंतु हीं आरोग्यधामें कितीजणांस पुरणार? १९४६ सालीं भोर समितीनें सरकारास जो अहवाल दिला, त्यांत देशांतील क्षयरोग्यांची संख्या सुमारें २५ लाख, वर्षाचे मृत्यू सुमारें ५ लाख, आणि क्षयरोग्यांसाठीं असलेल्या खाटा सुमारें ६ हजार, असा अंदाज आहे. म्हणजे एका खाटेमागें चारशेंहून अधिक रोगी. शिक्षित परिचारिका तर ४३ हजार लोकांमागें एक. त्याच वर्षीं दिल्ली व वेल्लोर येथें परिचर्येचे पदवी-अभ्यासक्रम सुरू झाले, आणि १९४७ च्या कायद्यानें भारतीय परिचर्या परिषदेचा पाया घातला गेला. परंतु खाटा वाढवून हा हिशेब जुळणार नाहीं, हें कोणाही विचारी माणसास दिसत होतें.

महायुद्धानंतर डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे ह्या देशांतील सेवासंस्थांनीं युनिसेफच्या साहाय्यानें बी. सी. जी. लशीची मोहीम हातीं घेतली. ती १९४८ सालीं भारतांत आली, आणि तिचा आरंभ मदनपल्लीसच झाला. तिकडील डॉक्टर व परिचारिका येथील तुकड्यांस ट्युबर्क्युलिनची परीक्षा कशी वाचावी, कातडींत सुई कशी द्यावी, गांवच्या गांव कसें रांगेनें पुढें आणावें, हें शिकवीत. लशीविषयीं वाद माजला. १९५५ सालीं राजगोपालाचारींसारख्या थोर पुरुषानेंही उघड विरोध केला. पुढें चिंगलपेट जिल्ह्यांत १९६८ सालीं सुरू झालेल्या विस्तीर्ण परीक्षणाचा निकाल १९७९ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ह्या लशीनें संरक्षण मिळत नाहीं असें दिसून आलें. लहान मुलांस मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून ती जपते, म्हणून आजही ती अर्भकांस दिली जाते. आमच्या मतें त्या मोहिमेची खरी मिळकत म्हणजे तिनें शिकविलेले येथील हात होत.

मध्यंतरीं औषधें आलीं. १९४३ सालीं अमेरिकेंत स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, स्वीडनमध्यें 'पास' ह्या संक्षिप्त नांवाचें औषध निघालें, आणि १९५२ सालीं आयसोनियाझिडचा गुण जगास कळला. एकटें औषध दिलें तर जंतू त्यास निर्ढावतात, म्हणून दोन औषधें मिळून वर्षभर किंवा त्याहून अधिक द्यावीं लागत. श्रीमंत देशांनीं आरोग्यधामांतील खाटेवरच हीं औषधें देण्यास आरंभ केला. ज्या देशांत खाटाच नाहींत तेथें काय करावें? मद्रासच्या झोपडींत, एका खोलींत सहा-सात माणसें, पोटभर अन्न नाहीं, रोगी कामावर जातो, अशा स्थितींत ह्या औषधांचा उपयोग होईल कीं नाहीं, हें कोणासच ठाऊक नव्हतें. होणार नाहीं असेंच पुष्कळ जाणत्यांस वाटे.

ह्या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठीं १९५६ सालीं मद्रास येथें क्षयरोग रसायनोपचार केंद्र निघालें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद व जागतिक आरोग्य संघटना असे चौघे त्याचे आधार. ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स ह्यांच्याकडे त्याची धुरा होती. जागतिक आरोग्य संघटनेनें डॉक्टर व तंत्रज्ञांबरोबर सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिकाही पाठविल्या, आणि येथील परिचारिका व आरोग्यसेविका त्यांच्या जोडीनें कामास लागल्या. शहरांतील गरीब वस्त्यांतले १९३ क्षयरोगी निवडून, कोणाच्याही मर्जीवर न ठेवतां चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें त्यांचे दोन भाग केले. एक भाग आरोग्यधामांत गेला. दुसरा आपल्या घरींच राहिला. औषधें दोघांस तींच, आयसोनियाझिड व पास, बारा महिने.

येथें वाचकांनीं दोन्ही पक्षांची स्थिति नीट ध्यानांत घ्यावी. आरोग्यधामांतील रोग्यास विश्रांति, मोकळी हवा, चांगलें अन्न व चोवीस तास देखरेख. घरच्या रोग्यास ह्यांपैकीं बहुतेक कांहींच नाहीं. वर्षाअखेर शेंकडा ९२ आरोग्यधामवासी व शेंकडा ८६ घरवासी रोग्यांचा रोग शांत झालेला आढळला. एवढ्या विषम स्थितींत अंतर इतकें थोडें! आणि घरच्या माणसांस रोग अधिक लागेल ही जी मोठी भीति होती, तीही खरी ठरली नाहीं. घरीं राहिलेल्यांच्या कुटुंबांत नवे रोगी दुसऱ्या कुटुंबांहून अधिक निघाले नाहींत. १९५९ सालीं हा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झाला, आणि पुढील कांहीं वर्षांत देशोदेशींचीं आरोग्यधामें ओस पडूं लागलीं. त्या अहवालावर लेखक म्हणून कोणाही एका डॉक्टराचें नांव नाहीं, केंद्राचें नांव आहे. हें आम्हांस फार योग्य वाटतें. कारण त्यांतील अर्धें काम डोक्यावर ऊन घेऊन गल्ल्यांतून चालणाऱ्या बायकांनीं केलें होतें.

तें काम कोणतें, हें सांगितलें पाहिजे, नाहींतर हा इतिहास औषधांचाच राहील. पास हें औषध दिवसास कित्येक ग्रॅम घ्यावें लागे. तें तोंडास वाईट, पोटास त्याहून वाईट. तशांत दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, ताप उतरतो, अंगांत बळ येतें, आणि मनुष्य म्हणतो, आतां हा त्रास कशाला? रोग मात्र आंत असतो. म्हणून परिचारिका व आरोग्यसेविका न कळवितां घरीं जात, उरलेलें औषध मोजीत, आणि लघवीचा नमुना घेत; त्यांत एक द्रव टाकला असतां औषध घेतलें कीं नाहीं हें रंगावरून कळे. हें सगळें पोलिसी थाटानें केलें असतें तर दुसऱ्या खेपेस दार उघडलें नसतें. ओसरीवर बसून सासूशीं बोलावें, मुलांच्या छातीची तपासणी झाली कीं नाहीं हें विचारावें, खोकतांना तोंडावर फडकें कसें धरावें हें दाखवावें, नवरा औषध कां टाकतो ह्याचें खरें कारण त्याच्या बायकोकडून हळूच काढून घ्यावें. खरें कारण पुष्कळदां औषधाचें नसे, मजुरीचें असे. आरोग्यधामांतील शुश्रूषेहून हें निराळें शास्त्र होतें, आणि तें परदेशी परिचारिकेसही शिकून आलेलें नव्हतें. तिनें नोंदीची शिस्त आणली, घराची वाट येथील सेविकेनें दाखविली. राष्ट्रांचें साहाय्य म्हणतात तें हेंच, असें आम्ही समजतों.

डॉ. फॉक्स ह्यांनीं १९५८ सालींच लिहिलें कीं, रोग्याच्या स्वतःच्या हातीं औषध सोंपविणें हाच ह्या उपचारांतील मोठा प्रश्न आहे. त्यांतून पुढची कल्पना निघाली: औषध रोज घरीं न देतां आठवड्यांतून दोनदां, सेवकांच्या डोळ्यांदेखत द्यावें. १९६४ सालीं मद्रासनें दाखवून दिलें कीं, दोनदां दिलेल्या स्ट्रेप्टोमायसिन व आयसोनियाझिडनें रोजच्या औषधाइतका तरी गुण येतोच.

ह्यापुढील भाग लिहितांना मात्र लेखणी जड होते. १९५९ सालीं बंगलोरास राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली, तिलाही जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांचें साहाय्य होतें; तेथें जिल्ह्याजिल्ह्यांच्या तुकड्या शिकून तयार झाल्या आणि १९६२ पासून जिल्हा क्षयरोग कार्यक्रम चालू झाला. योजना उत्तम होती. परंतु मद्रासच्या निकालाचा जो सोपा अर्थ होता तोच देशभर पोंचला: खाट नको, औषध घरीं पाठवा. औषधामागून घरीं जाणारी ती बाई मात्र बहुतेक ठिकाणीं पोंचलीच नाहीं. तिची जागा पत्रकावर एक तर मंजूर नव्हती, किंवा मंजूर असून रिकामी होती. रोग्यानें महिन्याच्या गोळ्या न्याव्या, पुढच्या महिन्यास पुन्हां यावें. न आल्यास दारीं जाणारें कोणी नाहीं. १९९२ सालीं भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना व स्वीडनची साहाय्यसंस्था ह्यांनीं मिळून पाहणी केली, तेव्हां उपचार पुरा करणारे रोगी निम्म्याहूनही कमी भरले. तीस वर्षांत किती घरें ह्यामुळें उजाड झालीं असतील, ह्याचा विचार वाचकांनींच करावा. १९९३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें क्षय ही जागतिक आणीबाणी ठरविली, आणि १९९७ पासून आपल्या देशांत सुधारित कार्यक्रमाखालीं औषध डोळ्यांदेखत देण्याची पद्धत पसरूं लागली. पद्धतीचें नांव नवें होतें, बीज मद्रासचें होतें.

अर्धें औषध घेऊन सोडल्यानें निर्ढावलेल्या जंतूंचा क्षय वाढला, तेव्हां जगाचें लक्ष पुन्हां परिचारिकेकडे वळलें. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेनें २००५ पासून ज्या देशांत हा प्रकार बळावला होता तेथील परिचारिकांस शिकवून त्यांनींच इतरांस शिकवावें अशी योजना चालविली. तींत भारतांतील परिचारिकाही होत्या. पॅरिस येथें १९२० सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय क्षयरोगविरोधी संघानेंही २००७ सालीं गरीब देशांसाठीं क्षयरोग्यांच्या शुश्रूषेची एक मार्गदर्शिका छापली. संशयित रोगी पहिल्यांदां आला असतां त्याच्याशीं कसें बोलावें, थुंकीचा नमुना कसा मागावा, औषध सुरू करतांना घरच्या कोणास बोलवावें, आणि रोगी नेमलेल्या दिवशीं आला नाहीं तर त्याच्या शोधास केव्हां व कसें निघावें, हें तींत पायरीपायरीनें दिलेलें आहे.